ओन्नीसाठी रंगवलेला पर्च

११ एप्रिल १९८९
तळ्यावर अजून बर्फ. मासेमारीचा मोसम उघडायला बत्तीस दिवस. आज गळाला लावायचा देवदाराचा मासा, पट्टेवाला पर्च, कोरून, घासून गुळगुळीत केला, पांढरा हात दिला. बारा वर्षांनी! पूर्वी थोरला भाऊ ओन्नी कोरायचा, चिकटपट्ट्या लावायचा. मी फक्त रंग फवारायचो. यंदा सगळं मीच. रंगवून त्याला पाठवणार. पहिल्या दिवशी त्याने माझ्या नावेत बसावं — एवढंच हवं आहे.

१४ एप्रिल
बाजू पिवळ्या-हिरव्या झाल्या. कांद्याच्या पिशवीची जाळी माशावर ताणली, कपड्यांच्या चिमट्यांनी पोटाखाली आवळली, वरून गडद हिरवा उडवला. जाळी काढली — खवले! एकटाच हसलो. मग लक्षात आलं, दाखवायला कोणी नाही.

१५ एप्रिल
घाई नडली. रंग ओला असतानाच चिकटपट्टी लावली. उचलली तर निम्मे खवले तिच्याबरोबर. पुन्हा पांढऱ्यापासून.

१९ एप्रिल
पर्चच्या अंगावरचे उभे पट्टे. चिकटपट्टी पात्याने कापून लावली, मधल्या फटींतून काळपट हिरवा उडवला. लेंपी वहिनी अंडी घेऊन आली. ती येते, ओन्नी येत नाही. मासा खिडकीशी धरून बघत राहिली.
"तुझ्या भाषणासारखं झालंय, रेइनो. सगळे पट्टे सारखे आणि सगळे मोठ्याने."
ओन्नी पट्टी कापत नसे म्हणे, हाताने फाडायचा. फाटक्या कडेमुळे रंग मऊ उतरतो. वीस वर्षं मी त्याच्या शेजारी उभा होतो आणि हे पाहिलं नाही! बोलत असणार मी.

२२ एप्रिल
फाडून लावली. एक पट्टा रुंद, एक मधेच तुटलेला. जिवंत दिसतो! डबीत घालून वहिनीबरोबर पाठवला.

२३ एप्रिल
निरोप नाही.

२५ एप्रिल
मासा परत आला. वहिनीने टेबलावर ठेवला, कोट काढला नाही.
"रंग छान उतरलाय म्हणतो. पण चारशे माणसांसमोर बोललेलं डबीत घालून परत घेता येत नाही, असंही म्हणाला."
खरं आहे. बारा वर्षांपूर्वी, खाणीतल्या संपाचा पाचवा महिना होता. वहिनी आजारी, उपचार खाणीच्या नोकरीवर टांगलेले. ओन्नी कामावर गेला. आणि मी युनियनच्या हॉलमध्ये, व्यासपीठावरून, नाव घेऊन त्याला संपफोड्या म्हणालो. काय टाळ्या पडल्या होत्या!

२८ एप्रिल
संप न्याय्य होता. आजही छाती ठोकून सांगेन. भाकरी आणि औषध मालकाच्या मुठीत असेल तर माणूस स्वतंत्र नाही — हे मी शंभर सभांत सांगितलं. पण ती मूठ माझ्याच भावाच्या घरात आवळली गेली तेव्हा मी मुठीवर नाही, त्याच्यावर तुटून पडलो. कपाटभर पुस्तकं वाचून ही अक्कल! त्याचा आवाज ऐकावासा वाटतो. शिवी दिली तरी चालेल.

३० एप्रिल
उद्या मे दिन. दरवर्षीप्रमाणे भाषण माझं. चौदा पानं तयार आहेत. नेणार नाही. हॉलमध्ये बोलणार आहे, एवढंच वहिनीला कळवलं.

१ मे
चार वाक्यं बोललो. त्याचं नाव घेऊन, माझी चूक कबूल करून. एकही टाळी नाही. मागच्या रांगेतून एक म्हातारा उठून बाहेर गेला. मीही गेलो. तो माझ्या गाडीत, चालकाच्या जागेवर बसलेला.
"किल्ली दे," ओन्नी म्हणाला. "तू बोलायला लागलास की गाडी खड्ड्यात घालतोस."