झोपलेली जाऊ

सोमवार, ३ मार्च
विसरलीसच ना? दहादा बजावलं होतं. वाटेत खायला उकडलेली अंडी दिलीस आणि मिठाची पुडी घरीच. अळणी अंडी खात आले तुझ्या लेकीकडे, चिमणीकडे. मला अक्षर येत नाही, पण चिमणीच्या या यंत्रापुढे बोललं की ते लिहितं आणि तुला पाठवतं. रोज बोलेन. तू काय, रविवारीच उघडशील.

घर झकास आहे. प्रयोगशाळेच्या आवारात दोन खोल्या, खिडकीला जाड गज, समोर काचघरात गहू. चिमणी वाळली आहे, पण बोलायला तश्शीच.

बुधवार, ५ मार्च
चिमणीनं आज काम समजावलं. गव्हाच्या दाण्यात पिठाचं कोठार. ते फोडून साखर करणारी एन्झाइमं असतात, आणि ती बनवणारी जनुकं म्हणजे अख्खं एक घराणं. मी म्हटलं, म्हणजे जावाजावा! किल्ली प्रत्येकीच्या कमरेला, पण पाणी आल्याशिवाय कोठाराला कुणी हात लावायचा नाही. पोट धरून हसली. म्हणाली, एक जाऊ मात्र कायमची झोपलेली आहे, प्रयोगशाळेच्या साहेबांना तिला उठवायचंय. मी म्हटलं, झोपलेल्या जावेला उठवू नये गं. घर तिच्या झोपेवरच तर सुखी असतं.

शुक्रवार, ७ मार्च
ओल मोजायचं यंत्र बिघडलं म्हणून चिमणी काचघरातले नवे दाणे पाकिटातून घरी घेऊन आली. मी म्हटलं, आण इकडे. दाढेखाली धरला. वाळला असला की कट्‌कन तुटतो, तिला लहानपणी मीच शिकवलंय. तिनंही एक चावला. दोघींचाही कट् वाजला. ठणठणीत वाळलेला. पण गोड. साखर चाखावी इतका गोड.

रविवार, ९ मार्च
उकडलेला बटाटा तोंडात घातला, गिळायच्या आत पाक. पाव, तसाच. चिमणीचंही तेच. पाकिटातले उरलेले दाणे टेबलावर उगवलेत, पाण्याचा थेंब नसताना. तिनं साहेबांना फोन लावला. काळजी नको म्हणाले, आणि लगेच विचारलं, दोघींनीही चावला का? विचारताना खूश होता मेला. माणसाच्या आवाजातला आनंद मला कळतो.

मंगळवार, ११ मार्च
दाराला बाहेरून कुलूप. चिमणीचा फोन तपासायला म्हणून नेला तो नेलाच. हे यंत्र राहिलं, म्हातारीचं खेळणं समजले. साहेब खिडकीशी उभं राहून सांगतात, तुमच्याच भल्यासाठी. जाऊ जागी झाल्याचं त्यांना आधीच माहीत होतं. चिमणीला सांगितलं नाही, ती काम थांबवेल म्हणून! मी गज हलवले, ठेवणीतल्या शिव्या दिल्या. यंत्रानं एकही लिहिली नाही. तेही साहेबांचंच.

गुरुवार, १३ मार्च
हिरडीत टोचत होतं. ओढलं, हिरवं पातं निघालं. मागोमाग मूळ — येतच राहिलं. चिमणीच्या नखांखाली पण —

जे खातो ते मुळांनाच जातं. चिमणी म्हणाली, मिठानं कोंब करपतो. लावलं. तिच्या नखाखालचा खरंच करपला. डब्यात एकीपुरतंच आहे. मी सांगितलं, माझं लावून झालं. खोटंच.

शनिवार, १५ मार्च, सकाळ
साहेब गजांतून पाव देतात. मुळं पोसायला! मीठ मागितलं. म्हणाले, निरीक्षण बिघडेल. माझ्या नातीचं निरीक्षण —

चिमणीचे हात बरे दिसतात. माझे — बघत नाही मी.

दुपार
साहेब पाव घेऊन आले. माझ्याकडे लक्ष नव्हतं, वहीत बघत होते. बोट आत आलं. दाढेखाली धरलं.

कट् वाजलं.

आता किंचाळतायत. आता त्यांनाही मीठ हवंय. किल्ली त्यांच्याच खिशात; कसं लावायचं ते चिमणीलाच ठाऊक, उघडतील. नाही उघडलं तर —

जीभ जड झालीय. खाली काहीतरी फुटतंय. ऐक. उद्या रविवार. उद्या तरी वाच. पाव नको, पीठ नको, बटाटे तर नकोच. मीठ पाठव. पोतंभर. या वेळी विसरलीस तर — आधी चिमणीला द्यायचं. साहेबांना चिमूटभरसुद्धा —