भावी नर्स प्रॅक्टिशनर

१ जुलै, बुधवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. शिवाय मेडिकलवाल्याने औषध कंपनीची डायरी फुकट दिली.
मोठ्या डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, परवाच्या सलाईनवरून बोलतील. पण म्हणाले, भागवत, क्रिटिकल केअरचं नर्स प्रॅक्टिशनर कर. एम.एस्सी. आहे, दोन वर्षांचं. तोवर आपलं नवं आयसीयू उभं राहील. इन्चार्ज मी ते शिकलेल्यालाच करणार. तुझी नोकरी राखून ठेवतो.
म्हटलं, विचार करून सांगतो. लगेच हो म्हटलं की आपली किंमत राहत नाही.
निर्णय रविवारी. पक्का.

२ जुलै
बायकोला सांगितलं. निकिता कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, जा ना मंग, घरचं मी पाहून घेईन.
एवढा मोठा प्रश्न आणि एका वाक्यात निकाल! ती खोलात जात नाही.

५ जुलै, रविवार
निर्णय झाला नाही. साडू आले होते, कोंबडी होती. कोंबडी खाऊन करिअरचे निर्णय घेऊ नयेत, डोकं जड असतं.
तयारी मात्र जोरात. नवं टेबल आणलं. चार रंगांत टाईमटेबल केलं. पहाटे चार ते सात अभ्यास. आता मागे हटणे नाही.

६ जुलै, पहाटे ४.००
उठलो. फार प्रसन्न वाटतंय. जग झोपलंय आणि मी टेबलावर.

६ जुलै, सकाळी ९.२०
टेबलाची उंची चुकली आहे. त्यावर डोकं ठेवलं की मान अवघडते. ड्युटीला उशीर.

११ जुलै
बाबांचं मत घेतलं. ते शेतातून, पिकाच्या डवरणीवरून आले होते. त्यांनी विचारलं, मंग तू डॉक्टर होशीन काय? म्हटलं, नाही, नर्स प्रॅक्टिशनर. आता काय हायेस? म्हटलं, नर्स. बाबांनी बराच वेळ पायाची माती खरवडली. मग म्हणाले, म्हंजे दोन वर्स चालून मानूस तिथंच?
समजावून सांगितलं. व्हेंटिलेटरवरचा पेशंट, तपासणी, डॉक्टर येईपर्यंत आपण घ्यायचे निर्णय. निर्णय म्हणताना जरा अडखळलो. बाबा म्हणाले, मंग जाय ना, कायले बसला?
मी बसलो नव्हतो. उभा होतो.

१७ जुलै
प्रवेश परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख. विसरलो नव्हतो, दुर्लक्ष करत होतो. दोन्हींत फरक आहे.
संध्याकाळी कळलं, निकिता ऑनलाइन सेंटरवर जाऊन फॉर्म भरून आली. फोटो लग्नातला लावला, फेटा कापून. परीक्षा ९ ऑगस्टला अकोल्यात. म्हणाली, तुमाले विचारत बसली असती त तारीख गेली असती.
घरात लोकशाही उरली नाही.

२६ जुलै, रविवार
वाढदिवस. पवनने शेलूबाजारच्या चौकात फ्लेक्स लावला. त्याचं फ्लेक्सचंच दुकान आहे. वाढदिवसाला मित्राला काहीतरी भावी केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. भावी सरपंच, भावी सभापती. मागच्या महिन्यात एकाला भावी नवरदेव केलं, तर त्याचं जमत आलेलं मोडलं.
मी भावी नर्स प्रॅक्टिशनर. गॉगल घातलेला. खाली नऊ शुभेच्छुक, त्यांतले चार माझ्या ओळखीचे नाहीत.
चौकात जागा कमी. पवनने फ्लेक्सची डावी बाजू खांबाभोवती गुंडाळून बांधली. त्यात 'भावी' खांबामागे गेलं. माझ्या ते लक्षात आलं. पण वाढदिवशी मित्राच्या चुका काढू नयेत.

२८ जुलै
अभिनंदनांचा पाऊस. चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, कवा केलं बाप्पा एवढं? मी तोंड उघडण्याआधीच दुसरा म्हणाला, आजकाल सारं ऑनलाइन होते.
मी फक्त हसलो. हसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. गल्लीतल्या म्हाताऱ्या गोजराबाईंनी तर मला डॉक्टर समजून तिथेच जीभ काढून दाखवली आणि गोळी विचारली.
उद्या सगळ्यांना खरं काय ते सांगणार.

२ ऑगस्ट, रविवार
आज माझा जाहीर सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. अध्यक्षांनी मला दोनदा डॉक्टर म्हटलं. भर सभेत वडीलधाऱ्यांना दुरुस्त करणं बरं दिसत नाही.
मीही भाषण केलं. तरुणांनी पहाटे चारला उठावं, असं सांगितलं. टाळ्या पडल्या.
पदवीच्या आधी सत्कार, एवढाच काय तो क्रम बदलला. निकिता मागच्या रांगेत होती. घरी येताना म्हणाली, आतातरी परीक्षा देजा बाप्पा.

९ ऑगस्ट, सकाळी ६.१५
परीक्षा. पूर्ण तयारीत. टाईमटेबल परत एकदा वाचलं. हॉल तिकीट सॉक्समध्ये लपवलंय, कारण अकोल्याच्या जीप बरोबर माझ्या फ्लेक्सखाली लागतात.

९ ऑगस्ट, संध्याकाळी
शांतपणे लिहितो.
जीपवाल्या अमरसिंगने विचारलं, डॉक्टरसाब, कुठं निंगाले? परीक्षेला, असं म्हणणार होतो. पण सत्कार झालेला माणूस परीक्षेला कसा जाईल? म्हटलं, परीक्षा घ्यायला.
झालं. त्याने पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला उठवून मला बसवलं. मागे आमच्या शेजारच्या गल्लीतली संस्कृती होती. चार वर्षं अकोल्याला आयसीयूत नर्स आहे, सुटीत घरी आली होती. तीही याच परीक्षेला निघालेली! म्हणाली, सर, तुमीच असान त मले टेन्शन नाही. एकाच गेटनं जाऊ.
गेटवर परीक्षकाने बूट काढून सॉक्समधून हॉल तिकीट काढायचं, हे चित्र डोळ्यांसमोर आलं.
अर्ध्या रस्त्यात मला फोन आला. म्हणजे मी तो कानाला लावला. तुम्ही पुढे व्हा, मागच्या गाडीने आलोच, असं सांगून उतरलो. पेपर सुटेपर्यंत एका हॉटेलात बसलो. भजी बरी होती.
निकिताने दारातच विचारलं. म्हटलं, पेपर सोपा होता. असेलही.

२८ ऑगस्ट
निकाल. निकिताने मोबाईलवर काढला. माझ्या नावापुढे 'गैरहजर'.
म्हटलं, या साईटचं काही खरं नसतं. होस्टेलला न्यायच्या गादीसाठी तिने खोळ शिवायला घेतली होती, ती घडी घालून ठेवून दिली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाची माझी तयारी होती.

३० ऑगस्ट, रविवार
संस्कृती पेढे घेऊन आली. तिला सीट मिळाली. आमच्या मोठ्या डॉक्टरांनाही भेटून आली. परत आलीस की इन्चार्ज तूच, असा त्यांनी शब्द दिला. म्हणजे दोन वर्षांनी ती माझी साहेब.
माझ्या पाया पडली. होस्टेल कसं असते, मेसचं जेवण कसं असते, हे विचारलं. मी सगळं सांगितलं. वरण पातळ असतं, लोणचं सोबत ने. निकिता चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी.
मग पोरीने विचारलं, सर, पयल्या दिवशी तुमाले भेव वाटलं होतं काय? म्हटलं, छे! काही नसतं तसं. ती खुश होऊन गेली.
निकिताने कप उचलले. म्हणाली, आता खरं सांगा.
म्हटलं, वाटलं होतं. खूप. डॉक्टरांनी केबिनमध्ये विचारलं तेव्हापासून. रात्री आयसीयूत पेशंट खालावत चालला आणि निर्णय मलाच घ्यायचा असला, तर माझ्याने होणार नाही असं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा हे मोठ्याने बोललो.
तिने उचललेले कप परत खाली ठेवले. मग म्हणाली, एवढंच जुलैत सांगतलं असतं त संगं आली असती ना मी. गेटपर्यंत.