बसस्थानकासमोरची कमलाबाई

१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय संघप्रिया,

सप्रेम जयभीम.

फोन लागतो, पण माझा नंबर दिसला की तू उचलत नसशील, म्हणून पत्र लिहिते आहे. कॉलेज सुटल्यापासून हातानं कोणाला पत्र लिहिल्याचं आठवत नाही. अक्षर सांभाळून घे.

सोमाजीकाकांचा खोकला कसा आहे? वडस्यात आता थंडी पडली असेल. त्यांना रंगाच्या वासात फार बसू देऊ नकोस. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला, म्हणजे तुमच्या अंगणात रंगवलेले पडदे वाळत असतील. यंदा काय काढते आहेस, राजवाडा की कोर्ट? मागच्या वर्षीचा तुझा तो रेल्वे स्टेशनचा पडदा पाहून मागे बसलेला एक म्हातारा म्हणाला होता, "गाडी आता येऊन राह्यली पाय." मी अजून लोकांना सांगत असते.

आरमोरीला आमचं धान कापून झालं. आई तुझी आठवण काढते. "ते पोरगी काऊन नाई येत आता?" असं दोनदा विचारून झालं तिचं.

आता भिंतीचं. उद्घाटन नीट पार पडलं. मोठे पाहुणे आले, फीत कापली, मुलांनी नाच केला. बसस्थानकासमोरच्या तुझ्या भिंतीच्या मधल्या भागावर रंग लावण्यात आला, हे तुला कळलंच असेल. दोन्ही बाजूंची मोहाची झाडं तशीच ठेवली आहेत. लोक त्यांचं कौतुक करतात.

समितीचा निर्णय होता, संघप्रिया. शहर रंगवायचा हा उपक्रम कसा चालतो ते तू जवळून पाहिलंस. नगर परिषदेचा वाटा थोडा, कंपनीच्या सामाजिक निधीतला बराच, आणि उरलेला जंगलाकडच्या रिसॉर्टवाल्यांचा. ज्याचा पैसा, त्याचा माणूस समितीत. चित्राला आमच्या कार्यालयात वेगळं खातंसुद्धा नाही. ते बांधकाम विभागाच्या रंगरंगोटीत बसवलेलं, ठेकेदारामार्फत. इंजिनिअर टेप घेऊन आला होता आणि त्यानं विचारलं होतं, "चेहऱ्याचं माप वेगळं लावू का मॅडम?" आपण किती हसलो होतो! अशा ठिकाणी मी समन्वयक म्हणून किती आणि काय करू शकते?

बैठकीनंतर तुझ्याशी बोलायला जमलं नाही. सगळं घाईत झालं, आणि तू निघून गेलीस. कलाकारांच्या काळ्या यादीत नाव गेलं ते कायमचं नसतं. वातावरण निवळलं की मी बघते.

काकांना नमस्कार. रागावू नकोस.

तुझी,
दिव्यानी


२ डिसेंबर २०२५

संघप्रिया,

माझ्या पत्राला उत्तर आलं नाही. येऊ नये असंच ते पत्र होतं. 'रंग लावण्यात आला' असं मी लिहिलं. कोणी लावला, कोणाच्या बोलण्यानं, ते लिहिलं नाही. कार्यालयात राहून माणूस अशी वाक्यं लिहायला शिकतो. करणारा त्यात कोणीच नसतो.

परवा मीराबाई आली होती. कमलाबाईची आई.

मोहफुलं वेचायला गेलेल्या कमलाबाईला वाघानं नेलं, त्याला आता दोन उन्हाळे झाले. आपण दोघी फोटो मागायला गेलो, तेव्हा मीराबाईनं लग्नातला फोटो दिला आणि वर म्हणाली, "ह्या फोटोत ते हासून नाई राह्यली. तशी नव्हती माही पोरगी. दिवसभर हासे." मग तू तिथंच मातीत बसलीस. ती सांगत गेली, गाल असे वर जात, एक डोळा लहान होई, आणि तू वहीत काढत गेलीस. शेवटी वही तिच्यापुढे धरलीस तेव्हा तिनं पदर तोंडावर धरला. निघताना मी तिला म्हणाले, "भिंत झाली की सांगतो तुमाले. तुमीच पह्यले पाहा."

भिंत झाली. पुसलीही. मी तिला काहीच कळवलं नाही.

तिला कोणीतरी बाजारात सांगितलं, उद्घाटन झालं म्हणून. ती धुतलेलं लुगडं नेसून, शेजारच्या इंदुताईला सोबत घेऊन आली. वर ऑफिसात येऊन माझ्या टेबलापुढं उभी राहिली. "बाई, कमला कुठी काढली?"

मी त्यांना खाली घेऊन गेले. तू पाहिलेलं नाहीस म्हणून सांगते. तुझी दोन मोहाची झाडं आहेत आणि त्यांच्या मधोमध पोपटी रंगाचा सपाट पट्टा आहे. तिथे वाघ लागणार आहे, छापून आणलेला. तो अजून आला नव्हता. मीराबाईनं तो पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. मग मला विचारलं, "अजून काढून राह्यले का?"

मी म्हणाले, "हो. काढून राह्यले."

"मंग बसतो आमी," ती म्हणाली.

त्या दोघी समोर बसस्थानकाच्या पायरीवर बसल्या. मी वर आले. माझ्या खिडकीतून ती पायरी दिसते. खिडकी लावून घेतली, तरी मधेमधे उठून फटीतून पाहत होते. दुपारी ठेकेदाराचा माणूस शिडी घेऊन भिंतीजवळ आला. मीराबाई उठली, रस्ता ओलांडून पलीकडे गेली, इंदुताईलाही हाक मारली. तो माणूस दिव्याची वायर बसवून निघून गेला. त्या परत पायरीवर येऊन बसल्या. सोबत आणलेली भाकर खाल्ली. उन्हं उतरली. त्यांच्या गावाकडची शेवटची गाडी लागली तेव्हा इंदुताईनं तिला हाताला धरून उठवलं. चढतानाही ती मान वळवून भिंतीकडेच पाहत होती.

मला खाली जाऊन सांगता आलं असतं. मी मागच्या फाटकातून घरी गेले.

आता बैठकीचं लिहिते. तू तिथेच होतीस, तुला सांगायची गरज नाही. पण मी ते अजून एकदाही माझ्या तोंडानं बोललेले नाही.

कमलाबाईला काढायचं तुझ्या मनात नव्हतं. तू समितीला दिलेल्या चित्रात नुसतं जंगल आणि पाणवठा होता. मी तुला म्हणाले, "वाघ सगळेच काढतात, संघा. वाघ ज्यांच्या दारावरून जातो ती माणसं काढ." तू विचारलंस, "समिती चालू देईन का?" मी म्हणाले, "मी आहे ना."

प्रफुलभाऊ समितीचे अध्यक्ष. स्वतःच्या रिसॉर्टमधून थेट आले होते. भिंत पाहून आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच बोलले, "पाहुणे इथं वाघ पाह्याले येतात. वाघानं नेलेली बाई पाह्याले नाई येत." त्यांच्या शेजारचा कोणी म्हणाला, "नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या पोरीले एवढी भिंत देली कोणं?" मुख्याधिकारी साहेबांनी विचारलं, "हा चेहरा कोणाच्या सांगण्यावरून काढला?"

तू माझ्याकडे पाहिलंस.

मी म्हणाले, "मंजूर चित्रात हे नव्हतं सर. कलाकारानं परस्पर काढलं."

त्याच बैठकीत माझ्या कंत्राटाची मुदतवाढ हा पुढचा विषय होता. हे कारण आहे, सबब नाही. आणि खरं सांगू, ते कारणही नंतर सुचलं. त्या क्षणी मला फक्त एवढंच कळलं की सगळे माझ्याकडे पाहतील, आणि त्यांनी तुझ्याकडे पाहावं.

तुझा फोन टेबलावर होता. त्यात मी पाठवलेला निरोप होता, माझ्या आवाजात, 'कमलाबाईचा चेहरा मोठा कर, रस्त्यावरून दिसला पाहिजे.' तू फोन उचललास. तू तो पिशवीत टाकलास आणि उठून गेलीस. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. घरी गेल्यावर जेवलेसुद्धा नीट.

तू तो निरोप का वाजवून दाखवला नाहीस ते मला माहीत नाही. विचारायचा हक्कही राहिलेला नाही. पण तू दाखवला असतास तर मी तुझ्यावर चिडले असते आणि आज निवांत असते. हे असं झालं, आणि आता चिडायला माझ्याशिवाय कोणी नाही.

त्याच संध्याकाळी भिंत पुसली. कोणत्या रंगानं, हे विचारायला ठेकेदार माझ्याकडे आला होता. पोपटी मी निवडला.

दिव्यानी


२१ जानेवारी २०२६

संघप्रिया,

संक्रांत झाली. तुझ्याकडून काही आलं नाही, ते योग्यच आहे. तुझ्याशी संबंध असलेल्या काही गोष्टी घडल्या. दुसऱ्या कोणाकडून वाकड्या-तिकड्या कानावर येण्याआधी माझ्याकडून कळाव्या.

मी मीराबाईच्या गावी गेले. एकटीच. शेवटच्या वळणापर्यंत मनात वेगवेगळी वाक्यं जुळवत होते. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मला पाहून तिच्या तोंडावर उजेड आला. "झाली का बाई? काढली का?"

मी उभ्यानंच सांगितलं. चेहरा काढला होता, फार चांगला आला होता, तुम्ही सांगितला तसाच हसरा. आणि तुम्ही यायच्या आधीच तो पुसला होता. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले. पुसला तेव्हा मी गप्प बसले, आणि जिनं तो काढला तिच्यावर ढकललं.

इंदुताई कुंपणाजवळ येऊन ऐकत होती. ती म्हणाली, "आन् आमी दिवसभर पायरीवर बसून राह्यलो!" मीराबाई मात्र शेंगा सोलत राहिली. मान वर न करता बोलली, आवाज न चढवता.

"वाघाले त भूक होती, बाई. तुमाले काय होतं?"

मग ती म्हणाली, "पुसाचं होतं त पुसाले पाह्यजे होतं. मोठ्या लोकायची भिंत. पण मले आधी बलवाचं होतं. एक डाव भिंतीवर पाह्यली असती हासताना."

मी म्हणाले, संघप्रियाला विचारते, तुमच्या घराच्या भिंतीवर काढून देईल. बोलता बोलताच मला कळलं की मी पुन्हा तुझ्या हातानं माझं ओझं उतरवू पाहते आहे. मीराबाईनं मान हलवली. "आता नको. दोनदा गेली ते. अजून एकदा नाई."

चहा न विचारता ती आत गेली. या भागात आलेल्या माणसाला चहा न विचारणं काय असतं ते तुला माहीत आहे.

नंतरच्या आठवड्यात समितीची आढावा बैठक होती. विषय उन्हाळ्याआधी रंगवायच्या पुलाच्या खांबांचा. मी बोलायची परवानगी मागितली आणि सांगितलं की बसस्थानकासमोरचा चेहरा माझ्या सांगण्यावरून काढला होता, कलाकाराची चूक नव्हती, मी मागच्या बैठकीत खोटं बोलले. मला वाटलं होतं गोंधळ होईल. काहीच झालं नाही. कोणीतरी बिस्किटाची प्लेट पुढे सरकवली. प्रफुलभाऊ म्हणाले, "आता हे काऊन उकरून राह्यल्या मॅडम? झालं ते झालं." साहेबांनी लिपिकाला म्हटलं, "नोंद घ्या."

मी म्हणाले, "नोंद नको सर, नाव काढा. तिचं नाव यादीतून काढल्याशिवाय मी बसणार नाही." आणि खरंच उभी राहिले. पुलाच्या खांबांवर पूर्ण चर्चा होईपर्यंत उभी होते. लोक मी तिथे नसल्यासारखे एकमेकांशी बोलत होते. शेवटी साहेब कंटाळून म्हणाले, "काढा बाबा ते नाव."

तर तुझं नाव निघालं आहे. दुसऱ्या शहरांतल्या कामांना आता अडचण येऊ नये. माझं कंत्राट मार्चनंतर वाढणार नाही. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. त्याच बैठकीच्या कागदावर दोन्ही ओळी आहेत, कोणीतरी तुला सांगेलच.

भिंतीवर वाघ लागला. छापील, चकचकीत, पुढे लोखंडी चबुतरा, उभं राहून फोटो काढायला. गर्दी असते. मीराबाई बाजाराला येते तेव्हा आता एक थांबा आधी उतरते आणि चालत येते, असं इंदुताईनं सांगितलं.

आईला मी सगळं सांगितलं. तू का येत नाहीस हे तिला कळायला हवं होतं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "त्या पोरीनं आपल्या घरी किती डाव जेवण केलं असन!" एवढंच. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

मी माफी मागत नाही. मागितली तर देणं किंवा न देणं हे एक काम तुझ्या गळ्यात पडेल. माझी एकच विनंती आहे. कोणी विचारलं, ती बाई त्या भिंतीवर कोणाच्या डोक्यातून आली, तर माझं नाव घे. ती चांगली कल्पना होती म्हणून नव्हे, तर माझी होती म्हणून. आणि तिचं हसू कोणाच्या हातचं होतं ते विचारलं, तर तुझं.

सोमाजीकाकांना जयभीम सांग. नाही सांगितलंस तरी समजेन.

कमलाबाई काढायला तुला सांगणारी,
दिव्यानी