नावावरची काळी पट्टी

१६ नोव्हेंबर १९९३

आले एकदाची ठाण्यात! संगमनेरहून निघताना आईने इतक्या सूचना दिल्या की एस.टी. हलली तरी तिचं तोंड चालूच होतं. कोपरीत केशरबाईंच्या घरी मागची खोली मिळाली. बाई कोळीण, बाजारात मासळी विकतात, आवाज खणखणीत. खिडकीबाहेर दोरीवर बोंबील वाळत असतात. माझ्या वरणभाताच्या नाकाला सवय व्हायला वेळ लागेल. पण बाईंनी आल्याआल्या ‘काय गो गोदे’ म्हणून हाक मारली आणि मी घरातलीच झाले.

नोकरी स्कॅन सेंटरमध्ये, टेक्निशियनची. मशीन नवंकोरं आहे. पेशंटला आत सरकवायचं आणि म्हणायचं, “हलू नका, झालंच.” मग डोक्याच्या आतलं सगळं फिल्मवर उमटतं, काकडीच्या चकत्या मांडाव्यात तसं. दिवसभर माझं वाक्य ते एकच.

२० नोव्हेंबर

डॉक्टर परांडेकरांनी आज खरं काम सांगितलं. ज्यांना भास होतात, आवाज ऐकू येतात, अशा पेशंटांच्या फिल्म ते जमवतात. एकट्या डॉक्टरकडे त्या थोड्याच असतात, तेवढ्यावरून काही कळत नाही. म्हणून आपल्या फिल्मच्या कॉप्या दुसऱ्या गावांतल्या, परदेशातल्यासुद्धा डॉक्टरांना द्यायच्या आणि त्यांच्या आपण घ्यायच्या. सगळ्यांनी मिळून पाहिलं तर या आजाराचं मूळ हाती लागेल, म्हणाले. मला हे फार आवडलं. आपल्या हातून कुणाचं तरी भलं होईल.

कॉप्या डार्करूममध्ये मीच काढते. कोपऱ्यातल्या नावावर काळी पट्टी लावायची, फक्त नंबर ठेवायचा. पेशंटांना विचारलंय का, असं मी म्हटलं तर डॉक्टर हसले. नावच जात नाही तर विचारायचं काय? मलाही पटलं.

तुलना करायला निरोगी डोकी हवीत, ती कुणी देत नाही. मी म्हटलं, माझं घ्या की!

२४ नोव्हेंबर

माझी फिल्म फार सुरेख आली. इतका स्वच्छ मेंदू क्वचित दिसतो, असं डॉक्टर म्हणाले. आई नेहमी म्हणायची, तुझ्या डोक्यात काही नाही. आता पुरावाच मिळाला. ज्याने मागितली त्याला पाठवली, न मागणाऱ्यांनाही पाठवली. माझ्या नावावरची पट्टी मीच लावली. जरा मिरवलेच म्हणा ना.

३० नोव्हेंबर

आज बायजा आली होती. शीळफाट्याजवळच्या गावातली, माझ्याच वयाची. मी इथे आले तेव्हा पहिल्या कॉप्या काढल्या त्या तिच्याच. नवरा राघो सांगत होता की आधी नुसते आवाज यायचे, आता नवीनच खूळ लागलंय. ती सारखी पुटपुटत होती, “बायजा, बायजा.” मला हसू आलं. काय होतं, असं विचारलं तर म्हणाली, “माजा डोका उजेडाला धरून बगतान. कोपऱ्यान अंगठा दाबतान.”

कोण बघतात? तर म्हणाली, आधी एक होता, आता चौघं झाले, चार गावांतले.

तिची फिल्म मी चार ठिकाणी पाठवली आहे. हे डॉक्टरांना आणि मला सोडून कुणालाही ठाऊक नाही. राघोला न सांगता मी तिला आत सरकवलं आणि म्हटलं, “हलू नका, झालंच.”

३ डिसेंबर

योगायोग असेल. तिने आमचं बोलणं ऐकलं असेल.

बाजारात भाजी घेताना डोक्यामागून उजेड आला. ऊन समोर होतं. कपाळाच्या कोपऱ्यावर काहीतरी टेकलं, ओलसर, अंगठ्यासारखं. डोक्यावरून ओढणी घेतली तरी उजेड आतच होता. मला भीती वाटते आहे.

५ डिसेंबर

केशरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या माझ्यावरून उतरवल्या आणि शेगडीत टाकल्या. एरवी एक मिरची जळली तरी घरभर ठसका उठतो. दृष्ट असली की उठत नाही म्हणतात. मूठभर मिरच्या काळ्या झाल्या, कुणी शिंकलंही नाही. बाई निखाऱ्यांकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, “ही एकाची नजर नाय गो पोरी. आख्खी जत्रा बगून गेलीय तुला.”

६ डिसेंबर

डॉक्टरांना म्हटलं, माझी फिल्म परत मागवा. ते म्हणाले, आता कुणाकुणाकडून मागवणार? त्यांनी पुढे आणखी कॉप्या काढल्या असतील, वाटण्यासाठीच तर दिल्या. एकाने तिची स्लाइड केली आहे, रविवारी परिषदेत मोठ्या पडद्यावर दाखवणार आहे. मी म्हटलं, नको, मी पाया पडते. तेव्हा त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. फार मायेने विचारलं, हे कधीपासून वाटतंय?

आणि पेन उघडलं.

८ डिसेंबर

माझी फिल्म निरोगी गठ्ठ्यात नाही. पेशंटांच्या गठ्ठ्यात आहे. डॉक्टरांनी स्वतः ठेवली. परिषदेलाही फोनवर कळवलं म्हणे, म्हणजे चूक नको व्हायला.

मी वेडी नाही. पण हे तर बायजाही म्हणत होती आणि मी तिला म्हटलं होतं— हलू नका.

१० डिसेंबर

बायजा आली. माझ्याकडे पाहिलं आणि जवळ येऊन हात धरला. किती आहेत, विचारलं. मोजता येत नाहीत, मी म्हटलं. तिने कानाशी येऊन सांगितलं की ते नाव विचारतात, सांगायला तिथे कुणीच नसतं. “आपला नाव घेत ऱ्हा गो. तवर आपून आपलं.”

खूळ नव्हतं ते. मी हसले होते.

११ डिसेंबर

आई, तुझ्याकडे यायचं होतं. स्टँडवर गेले. तिकीट देणाऱ्याने नाव नव्हे, गाव विचारलं— मी नंबर सांगितला. फिल्मवरचा.

१२ डिसेंबर, रविवार

भर सकाळ. केशरबाई बाहेर बोंबील उलटतायत. मला दिसतायत. पण—

खुर्च्या सरकल्या. खूप खुर्च्या.

दिवे घालवले.

उजेड— आई गं— सगळ्या बाजूंनी— मान वळत नाही. केशरबाईंना हाक मारते, त्या बोंबीलच—

इंग्रजीत बोलतोय. पडद्यावर टेकवतो ती काठी लागते डोक्याला. आतून लागते. इथे. आता इथे. काठी टेकली आणि डावा पाय गेला.

कुणीतरी विचारलं, नाव काय हिचं. तो म्हणाला, नाव नाही. पेशंट आहे.

आहे. नाव आहे. पट्टीखाली आहे, मीच लावली— लिहिते, लिहून ठेवते—

काठी वर सरकते आहे. म्हणतोय, माणूस लिहितो तो या भागामु—

माझं नाव गो