मुलाखतीचा दुसरा भाग

ता. ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि चिमणी बरे असाल असं धरून चालते. आईचा रक्तदाब सध्या ताब्यात आहे. डाव्या डोळ्याने तिला आता फक्त उजेड कळतो, उजव्याने माणूस कळतो पण चेहरा नाही. शेगडी बदलून घेतली, जुनीचं बटण तिला सापडायचं नाही. मी ठीक आहे.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. माझ्या ग्रंथालयाच्या नावाने आलेली तक्रार आणि माझ्या नावाने आलेलं. आधी तक्रारीचं लिहिते, ते सोपं आहे.

तक्रार आली की पान आधी बंद करायचं, चौकशी मागाहून, असा आमच्या संकेतस्थळाचा नियम आहे. बाबांच्या मुलाखतीचं पान मंगळवारी मीच बंद केलं. दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं, पण नाही सांगितलं. तिथे आता एक ओळ दिसते, 'हक्कांच्या कारणास्तव उपलब्ध नाही.'

चिमणीने शाळेच्या कामासाठी आपलं आडनाव शोधलं आणि आजोबांच्या तोंडून आपल्या बापाला चोर म्हटलेलं ऐकलं, हे मला तुझ्या तक्रारीतूनच कळलं. तू तिला काय उत्तर दिलंस ते लिहिलेलं नाहीस. बाबांचा छापखाना बंद पडला तेव्हा तू छपाईचे शिशाचे खिळे भंगारात घातलेस ते घर चालावं म्हणून, हे बाबांनी मुलाखतीत सांगितलेलं नाही. आयुष्यभर जी अक्षरं जुळवली ती पोत्यात भरून वितळवायला गेली, एवढंच त्यांनी सांगितलं, आणि तुझं नाव घेतलं.

तेवढं वाक्य कापता येणार नाही का, असं तू विचारलं आहेस. नाही. ध्वनिमुद्रण ठेवायचं तर अख्खं, नाहीतर अजिबात नाही. मी आमच्या वकिलांना पुन्हा जाऊन विचारलं. ते म्हणाले, "आज एक मुलगा वाक्य कापायला सांगतोय, उद्या एखादा मंत्री सांगेल." त्यांचं काही चुकत नाही. तुझंही चुकत नाही. मी बरीच शोधाशोध केली, ह्यात चुकणारा माणूस मला सापडत नाही.

आता दुसरं पत्र. मुलाखतीचा आणखी एक भाग आहे हे तुला आईकडून समजलं. तो मिळणार असेल तर तक्रार मागे घेतो, लागेल तिथे सही करतो, फक्त त्यात माझ्याबद्दल काही आहे का ते सांग, असं तू म्हणतोस.

नियम असा आहे. बाबांनी संमतीपत्रावर सही केली ती पहिल्या दिवसाची. दुसऱ्या दिवसाची सही पुढच्या खेपेला घेऊ, असं मुलाखत घेणारे काका म्हणाले. पुढच्या खेपेआधी बाबा गेले. काकांनी मात्र दोन्ही भाग नोंदीत एकाच क्रमांकाखाली टाकले होते. पहिला भाग इतके दिवस बाबांच्या सहीवर चालून गेला. तुझ्या तक्रारीमुळे वकिलांनी नोंद उघडली, तेव्हा कळलं की कायद्याच्या हिशेबाने ही एकच वस्तू आहे. आणि तिचे हक्क आता आईचे, तुझे आणि माझे. तिघांनी सह्या केल्या तर दोन्ही भाग सगळ्यांना खुले होतात आणि प्रत्येक वारसाला त्यांची प्रत घरी येते. एक सही जरी कमी पडली तर दोन्ही कुलपात, बाबांना जाऊन साठ वर्षं होईपर्यंत. तोवर चिमणी म्हातारी झालेली असेल.

आईची सही झाली आहे, माझीही झाली आहे. सही नसलेल्या भागात काय आहे हे कुणालाही, घरच्यांनासुद्धा, सांगायची मला परवानगी नाही. तुझ्या प्रश्नाचं हे उत्तर आहे.

आई रोज दुपारी जेवण झालं की फोन उशीवर ठेवून, कानात इअरफोन घालून मुलाखत ऐकायची. तुझं नाव येतं त्याच्या आधी बाबांना खोकल्याची ढास लागते. ती आली की आई इअरफोन काढून हातात धरायची आणि अंदाजाने पुन्हा घालायची. तिचा अंदाज चुकलेला मी पाहिलेला नाही. मंगळवारी ती बराच वेळ फोन चाचपत बसली. चार्जिंग संपलं असेल म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली, मग मी तिला खरं सांगितलं.

गुपचूप प्रत काढून तिच्या फोनवर टाकणं मला अवघड नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "ह्या घरात चोर हा शब्द एकदा आला, तेवढा पुरे."

मग तिने मला तुझ्यासाठी निरोप दिला. लिहिते असं मी कबूल केलं म्हणून लिहिते. "सही कर, माझ्यासाठी कर." दुसऱ्या भागात तुझं नाव असणारच, असं तिला वाटतं. पहिल्या दिवशी राग काढून झाला, घरी येऊन बाबा जेवले नाहीत, रात्रभर कूस बदलत होते, म्हणजे दुसऱ्या दिवशी नक्की काहीतरी चांगलं बोलले असतील. "मी ओळखते ना त्यांना," म्हणाली. संमतीपत्र ह्या पत्रासोबत पाठव, असंही तिने मला दोनदा बजावलं.

मी ते जोडलेलं नाही.

दादा, तो भाग मी ऐकला आहे. तपासणी माझ्याकडेच होती. बाबा अगदी खुशीत आहेत. शाईबद्दल बोलतात, उलटी अक्षरं वाचायची सवय लागली की सुलटी पाटी वाचताना कसं अडखळायला व्हायचं ते सांगतात, एकदा हसतातसुद्धा. शेवटी काका घरचं विचारतात, मुलं किती. बाबा थांबत नाहीत. आवाज चढत नाही, ढास लागत नाही. आवाजात राग असता तर मी तुला सही करायला सांगितली असती, रागावलेल्या माणसाच्या मनात निदान तू आहेस. ते म्हणतात, "एक मुलगी." आणि लगेच चहा मागतात.

हे लिहून मी नियम मोडला आहे. पत्र वाचून झालं की फाडून टाक.

सही करू नकोस. केलीस तर प्रत आईलाही येईल आणि ती फोन उशीवर ठेवून वाट बघत ऐकेल. तिथे खोकला नाही, त्यामुळे इअरफोन कधी काढायचा ते तिला कळणार नाही. दादाने नाही म्हटलं, असं मी तिला सांगेन. ती तुला बोल लावेल. लावू दे. तिने पुन्हा कधी बाबांचा आवाज ऐकायचा नाही, हे मी ठरवते आहे, आणि ते तिला तुझ्या नावावर सांगणार आहे. दुसरा काही मार्ग असता तर मला तो दिसला असता. मी सगळे तपासले.

उत्तर लिहू नकोस. आई पाकीट चाचपून ओळखते आणि मला वाचून दाखवायला लावते.

तुझी,
दोघांतली धाकटी