चार्ज-लिस्टवरची सही

३१ मे १९९६, शुक्रवार
१. इलेक्ट्रिकलचे विभागप्रमुख काशिनाथसर आज निवृत्त झाले.
२. मशीन लॅबचा चार्ज कोण घेणार, असं प्रिन्सिपॉलांनी विचारलं. चारही कायम लेक्चरर खिडकीबाहेर बघत राहिले.
३. मी ॲड-हॉक. मी पुढे झाले. ३१२ वस्तूंच्या लिस्टवर 'बरोबर मिळाल्या' लिहून सही केली.
४. टाळ्या वाजल्या.
विभागप्रमुखपदाची सुरुवात अशीच होत असावी. वस्तू मोजल्या नाहीत. निरोप समारंभात ते बरं दिसलं नसतं.

३ जून
विभागाची पंचवार्षिक योजना लिहायला घेतली. मुखपृष्ठ झालं.
नवागामला घरी सांगितलं. आई म्हणाली, "पक्की कव्हय व्हशी, ते सांग." नोकरी पक्की कधी होणार, एवढंच तिचं. तिला प्रशासनातलं कळत नाही.

६ जून
मोजणी केली. ३११. पाच हॉर्सपॉवरची एक मोटर नाही. चौथरा आहे, चार बोल्ट आहेत. माझी नजरचूक असणार.

७ जून, सकाळी १०.२०
पुन्हा ३११. बोल्ट चारच.
लॅब असिस्टंट छगनभाईंना विचारलं. ते म्हणाले, ती तर दोन वर्षांपासून सरांच्या कामरेजच्या शेतावर आहे, टेस्टिंगला. मग लिस्टवर कशी? "लिस्टमां तो होय ज ने, बेन." म्हणूनच तर बाकी कोणी सही केली नाही, म्हणाले. "तमने कोईए कह्युं नई?"
शेतावरचं टेस्टिंग. पेपर होऊ शकतो.

१४ जून
त्या चार कायम लेक्चररांपैकी योगराजसर विभागप्रमुख झाले. म्हणाले, "मॅडम, खुर्ची माझ्याकडे, चार्ज तुमच्याकडे. अर्धं अर्धं." माझ्यावर तांत्रिक बाजू सोपवली आहे, असा याचा अर्थ. पेढा घेतला.

१८ जून
माझी ऑर्डर ३० जूनला संपते. हेडक्लार्क म्हणाले, लिस्ट पुरी झाल्याशिवाय नवी टाइप होणार नाही. योजनेचं काम तूर्त थांबवलं.

२१ जून
काशिनाथसरांना रजिस्टर्ड पत्र टाकलं. नक्कल:
आदरणीय सर,
आपल्याकडे टेस्टिंगला असलेली पाच हॉर्सपॉवरची मोटर परत हवी आहे. ती न मिळाल्यास ३० तारखेला माझी नोकरी संपते. टेम्पो मी आणेन. पाइपही मीच सोडवेन. उसाला पाणी चालू असेल तर संध्याकाळी येईन. कृपया शुक्रवार, २८ जूनपर्यंत उत्तर द्यावे.