सात किलोंची बॅग

१० नोव्हेंबर, सकाळी ८
डॉक्टरांनी लेकीला बाळंतपणाची वीस तारीख दिली आहे. ही आधीच तिच्याकडे जाऊन राहिलीय. मी अठराच्या विमानाने निघणार. बरोबर फक्त अत्यावश्यक यंत्रं: फोन, कॅमेरा, चार्जर. बस.

सकाळी ११
बाळाचं पहिलं रडणं नीट टिपायचं तर ट्रायपॉड आणि वेगळा माइक लागणारच. तीस वर्षं लिफ्ट तपासल्या. एका दोरावर चालणाऱ्या लिफ्टला आम्ही चार दोर बांधायला लावायचो. प्रवासालाही हेच लागू.

१२ नोव्हेंबर
यादी चौदावर गेली. प्रत्येक वस्तूपुढे कारण लिहिलं. लेबल प्रिंटरपुढे काही सुचलं नाही. तरी घेतला. सुचेल.
हिचा फोन. लेकीचं बीपी वर-खाली होतंय म्हणाली. मी बीपीचं मशीन आणतोय म्हणालो. अहो, हॉस्पिटलात असतं ते, म्हणाली. म्हटलं, त्यांचं बिघडलं तर? तिने फोन ठेवला. पटलं असावं.

१४ नोव्हेंबर, दुपार
बॅग साडेनऊ किलो. विमानात हातात सातचीच चालते. त्यात बॅग मोजायचा काटाच साडेतीनशे ग्रॅमचा. तो काढता येत नाही. परतताना बॅग कशाने मोजणार? दोन शर्ट काढले.

१५ नोव्हेंबर, सकाळी ९.१०
हिचा फोन. बीपी फार वाढलंय, ऑपरेशन आजच, दुपारी तीनला. जावयाने साडेबाराच्या विमानाचं तिकीट पाठवलंय. लेक म्हणतेय, आत न्यायच्या आधी बाबांना भेटायचंय. फोन ठेवताना ही म्हणाली, "अहो, आहात तसे निघा. काही घेत बसू नका." आवाज नेहमीचा नव्हता.
अक्षर वाकडं येतंय. पेन खराब असावं.

९.३५
बॅग रिकामी केली. आता खरोखरच अत्यावश्यक तेवढंच.

१०.२०
भरली. सहा किलो नऊशे. कपडे सगळे काढले. टॅब की लॅपटॉप, यात वीस मिनिटं गेली. शेवटी दोन्ही घेतले. निर्णय पटकन घेता आला पाहिजे. मला येतो. वेळ भरपूर आहे.

११.५०, विमानतळ
तपासणीच्या रांगेतून बाजूला काढलंय. उभ्या उभ्या लिहितोय. यंत्रं वेगळी ठेवा म्हणाले. चार ट्रे भरले, पाचवा मागितला. मागचा माणूस घड्याळ दाखवतोय. अधिकारी बाईंनी लेबल प्रिंटर उचलून विचारलं, हे कशासाठी. अजूनही सुचलं नाही. एका पॉवर बँकेवर क्षमता लिहिलेली नाही, ती नेता येणार नाही म्हणाल्या. मी त्यांना क्षमता तोंडी सांगितली, वर आकडेमोडही करून दाखवली. त्यांनी बॅग तिसऱ्यांदा यंत्रात घातली.
ट्रेमधला फोन वाजतोय. हात लावू देत नाहीत.

१२.२०
गेट बंद. काचेतून विमान समोर दिसतंय. गेटवरच्या बाईंना सांगितलं, माझी लेक वाट बघतेय. त्या म्हणाल्या, "काका, नाव पुकारलं होतं, तीनदा." बॅगेचं वजन कोणी केलंच नाही.
फोनवर लेकीचे चार कॉल. लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, बंद.
पुढचं विमान चार वीसला. चूक पूर्णपणे तपासणीच्या पद्धतीची आहे. सविस्तर तक्रार करणार.

२.५०
तक्रार सुरू केली. 'महोदय' पर्यंत झाली.

३.४०
जावयाचा मेसेज. मुलगी झाली. दोघी सुखरूप.
शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का, पाणी देऊ का. म्हटलं, नात झाली. असं रडून कोण सांगतं, म्हणाल्या.

१६ नोव्हेंबर, सकाळी १०
काल पोहोचेपर्यंत भेटीची वेळ संपली होती. आज वॉर्डात बॅग नेऊ देईनात, खाली ठेवली. लेक फिकट पडलीय. तिला उशिराची कारणं क्रमवार सांगितली: ट्रे, क्षमता, पद्धत. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मला तसं काही बोलायचं नव्हतं. भीती वाटत होती. तुम्ही नुसतं हो, हो म्हटलं असतंत तरी चाललं असतं."
यावर माझ्याकडे उत्तर होतं. दिलं नाही.
हिने नात मांडीवर ठेवली, मान धरा म्हणाली. दोन्ही हात गुंतले. लेकीने डोळे मिटले तेव्हा हळूच म्हणालो, हो, हो.
तिला झोप लागली होती.